प्रमिलाबाई पळाली, असं सगळ्यांना आठवतं

दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला काही शब्द वाचून दाखवते. पलंग, उशी, गादी, चादर, जांभई, स्वप्न, घोरणं, रात्र, थकवा, डुलकी. एकेक शब्द, संथपणे. मग थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा, कोण कुठल्या गावचं, कोण कुठल्या बसनं येतं, आणि मग म्हणते, आता आठवतील तेवढे शब्द लिहा. लिहून झालं की विचारते, "झोप कोणाकोणाच्या कागदावर आहे?" निम्म्याहून जास्त हात वर येतात. झोप हा शब्द मी वाचलेलाच नसतो.

यंदा ऋतिक नावाचा एक लांबोडका पोरगा उभाच राहिला. "मॅडम, तुम्ही वाचला. मी माझ्या कानांनी ऐकला. आईशप्पथ!"

"आईला कशाला ओढतोस रे मधात? तिला तिची कामं आहेत," मी म्हटलं आणि माझ्या हातातला कागद त्याला दिला. त्यानं तो दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि गुपचूप खाली बसला. वर्ग हसून हसून बेजार.

मी नंदिनी ताकसांडे. वर्ध्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणूस जग कसं समजून घेतो आणि मग ते डोक्यात कसं ठेवतो, हा माझा विषय, त्यातही आठवण. पोरं मला मागून 'आठवण मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि मला ते आवडतं. मी चांगली शिकवते. उगाच लाजून छे छे करायची मला सवय नाही. माझ्या तासाला मागच्या बाकावर मोबाइल निघत नाही, आणि जो काढतो तो परत काढत नाही. वर्गात मी पुस्तकी मराठी बोलते, डोकं तापलं की सरळ वऱ्हाडीत उतरते, आणि डोकं माझं लवकर तापतं. वर्षभर मी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेते: खात्री वाटते म्हणून ते घडलंच, असं नाही. पोरं परीक्षेत ते बरोबर लिहितात आणि घरी जाऊन भावाशी "तू तसं म्हणालाच होतास" म्हणून भांडतात. चालायचंच.

हे सगळं सांगायचं कारण खैरझरी.

खैरझरी समुद्रपूर तालुक्यात, जंगलाला लागून. तिथं एका हिवाळ्यात भर दुपारी वाघ गावात शिरला. शाळेला वळसा घालून गेला, नाल्यात उतरला आणि निघून गेला. लोकांनी फटाके फोडून, ताटं बडवून त्याला हाकललं. कोणाला साधा ओरखडा आला नाही. पण तेव्हापासून त्या गावात दुसरा विषय नाही. लग्न असो, तेरवी असो, चहाची टपरी असो, वाघ येतोच.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिथं गेलो, ते वाघासाठी नाही, वाघाच्या आठवणीसाठी. भीतीचा एक प्रसंग वर्षभर गावाच्या तोंडात घोळला की त्याचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. सोबत माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी माधवी. देवळीची पोरगी, कामाला पक्की, मनानं मात्र हळवी. समुद्रपूरपर्यंत बस, पुढे ऑटो, आणि मग घरोघर बसून ऐकायचं.

बाप्पा, काय एकेक वाघ! एका घरी तो कालवडीएवढा होता, दुसऱ्या घरी बैलाएवढा. कोणी म्हणे लंगडत होता, कोणी म्हणे पळत होता. शाळा समितीचे अध्यक्ष रूपराव खुर्चीच्या टोकावर येऊन सांगत होते, "असं पाह्यलं मॅडम त्यानं माह्याकडं, डोयात डोये घालून!" तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "तुमी त्या दिवशी कापूस घेऊन हिंगणघाटले गेलते न!" रूपरावांचं तोंड एवढंसं झालं. माधवीला हसू आवरेना, मी तिला चिमटा काढला. कारण रूपराव खोटं बोलत नव्हते. त्यांनी तो वाघ इतक्यांदा ऐकला होता की तो त्यांच्या डोळ्यांसमोर उभाच राहायचा. आठवण अशीच वागते, सज्जन माणसाचीसुद्धा.

वाघाचा रंग, उंची, वेळ, दिशा, कशाचाच कशाला मेळ नव्हता. एका गोष्टीवर मात्र सगळं गाव एक होतं. "प्रमिलाबाई खिचडीचा गंज टाकून पयाली."

प्रमिलाबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी रांधणारी बाई, आणि गंज म्हणजे तिचं मोठं पातेलं. त्या दिवशी पोरं व्हरांड्यात जेवत होती. वाघ दिसताच प्रफुल गुरुजींनी सगळ्यांना वर्गात ओढून दार-खिडक्या लावल्या. आणि प्रमिलाबाई लेकरांना सोडून आपल्या घरी पळाली. गावात याचा खेळ झाला होता. एक पोरगं वाघ व्हायचं, एक प्रमिलाबाई, आणि बाकीचे टाळ्या वाजवत ओरडायचे, "वाघ आला, प्रमिला पयाली!" हा खेळ मी शाळेच्या फाटकाशी स्वतः पाहिला. आत चुलीपाशी बसून ती बाईही तो पाहत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. आडनाव सांगितलं तशी तिनं हात जोडले. "जय भीम, मॅडम." मग मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मले काय इचारता? मी पयाली. खरं हाय ते."

"तुम्हाला आठवतं?"

"नाई आठवून कसं होईन? पाय पयत होते, मी पयत होतो. घरी जाऊन दाराले कडी लावली. लेकरं इथी, अन् मी तठी." तिनं पदरानं डोळे पुसले, रागानं पुसले. "शुक्रवारी मीटिंग हाय समितीची. मले काढून दुसरी बाई लावणार हाय. मी तं म्हटलं, लावा. पयालेली बाई लेकरं काय सांभाळन?"

तिच्यावर तक्रारी दोन होत्या. पहिली ही. दुसरी भागीरथाबाईची: प्रमिलाबाईनं तिच्या मुलीला, दुसरीतल्या सुरभीला, केव्हातरी शाळेच्या संडासात कोंडून ठेवलं होतं. "कोंडलं असन बाप्पा," प्रमिलाबाई म्हणाली. "शेया-बकऱ्या घुसतात म्हणून कडी मी रोजच लावतो. पोरगी आत राह्यली असन. इथलं काम गेलं तं जाऊ द्या मॅडम, पण लेकराईचं भेव गेलं नाई पाह्यजे का? सुरभी मले पाह्यलं की दुसऱ्या रस्त्यानं जाते."

काम जाण्याचं दुःख तिला होतंच. पण आपण तसल्या बाई आहोत, लेकरं सोडून पळणाऱ्या, हे तिनं मान्य करून टाकलं होतं, आणि मला ते बघवेना.

आता, मी काही न्याय करायला गेले नव्हते. पण माझा कान तयार आहे. दोन दिवस मुलाखती ऐकल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. वाघाबद्दल प्रत्येक जण वेगळं बोलत होता, अडखळत होता, मध्येच बायकोला विचारत होता. प्रमिलाबाईबद्दल मात्र सगळ्यांचं वाक्य एकच, शब्दसुद्धा तेच, गंजासकट. स्वतः पाहिलेलं सांगताना माणसं एकमेकांशी जुळत नाहीत. एका सुरात बोलतात ती ऐकलेलं. मी माधवीला म्हटलं, "हे वाक्य एकानं पाहिलंय आणि बाकीच्यांनी उचललंय. तो एक शोध."

ती निघाली अन्नपूर्णाबाई. शाळेसमोरच्या घराच्या स्लॅबवर त्या दिवशी मुगवड्या वाळत घालत होती. मी तिला म्हटलं, चला वर. आमच्या कामाची रीतच ती आहे. माणसाला ओसरीवर बसवून विचारलं की तो गोष्ट सांगतो. त्याच जागी उभं करून, शेवटाकडून सुरुवातीकडे उलट सांगायला लावलं की गोष्टीचा आधार सुटतो आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच हाती लागतं. आणि विचारणाऱ्यानं तोंडात शब्द घालायचा नाही. "मग काय झालं" म्हणायचं. "मग ती घरी गेली का" म्हणायचं नाही. हे पथ्य मोडलं की सगळी मेहनत पाण्यात.

अन्नपूर्णाबाई कठड्याशी उभी राहिली. "शेवटी काय? शेवटी प्रमिला घरी गेली."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तिकडून धावली. चुलीपासून, त्या कोपऱ्याकडं. गंज लवंडला, मोठा आवाज झाला."

"कोपऱ्याच्या पुढे?"

"पुढं तिचं घर नाई का, थे..." तिनं बोट दाखवलं आणि बोट तसंच राहिलं. कोपऱ्याच्या पुढे शाळेची भिंत होती. घर दिसतच नव्हतं. "अव्वा! इथून तं काईच दिसत नाई ओ मॅडम!"

"आणि कोपऱ्यामागे काय आहे?"

"पोरीईचे संडास."

खाली उतरून मी प्रफुल गुरुजींना विचारलं. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "मॅडम, मी खिडक्या लावून आत होतो. मला तर काहीच दिसलं नाही. बाहेर आलो तेव्हा सगळे म्हणत होते, बाई पळाली." पोरं सगळी होती का? "कापूस वेचणीचे दिवस, निम्मी पोरं तशीही शाळेत नसतात. त्या घाईत कोण मोजतो?"

इथं माधवीनं घोळ घातला. मी गुरुजींशी बोलत होते तेवढ्यात ती चुलीपाशी गेली. मी पोहोचले तेव्हा ती म्हणत होती, "काकू, तुम्ही मागे कोणाला तरी बघायला गेल्या असाल. एखादी मुलगी राहिली होती का मागे?" आणि प्रमिलाबाईच्या चेहऱ्यावर ते उगवायला लागलं होतं. "असन बाप्पा... गेली असन मी. पोरगी होती वाटते कोणतरी..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माधवीला दंडाला धरून मी फाटकाबाहेर नेलं. "भैताड आहेस का तू? पाच वर्षं मी हेच शिकवून राहिली न तुला?"

"पण मॅडम, तिला आठवत होतं!"

"आठवत नव्हतं. तू देऊन राहिली होती. अजून दोन प्रश्न विचार, मुलीच्या फ्रॉकचा रंग पण सांगेल ती."

"मग बिघडलं कुठं?" माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मागे हटली नाही. "एक वाक्य बोलायचं आहे मॅडम. शुक्रवारी ती स्वतःच्या तोंडानं सांगेल, गाव मानेल, तिचं काम राहील. तिचं मन राहील. कोणाचं नुकसान आहे?"

खरं सांगते, मला ते जमलं असतं. माझ्याइतकं छान कोणाला जमलं नसतं. कोणत्या शब्दानं बी टाकायचं, कधी गप्प बसायचं, झोपेत सांगू शकते मी. पण मी म्हटलं, "आणि परवा कोणी एक आडवा प्रश्न विचारला की? तिची ती आठवण कोसळेल. मग ती पळपुटी आणि वरून खोटारडी. खरं काय ते शोधू. तिनं खरंच काही केलं नसेल तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेव."

एक नुकसान तर झालंच होतं. आता प्रमिलाबाई जे काही सांगेल त्याची किंमत शून्य. माधवीनं टाकलेलं कोणतं आणि तिचं कोणतं, हे कोण निवडणार? शोधायचं ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यात.

गुरुवारी मी भागीरथाबाईकडे गेले. संडासाची तक्रार तिची, आणि तो कोपरा संडासाकडे जात होता, एवढंच माझ्या हाती होतं. वाघाच्या मुलाखतीत तिनं आम्हाला दोन मिनिटांत वाटेला लावलं होतं: "माही पोरगी त्या दिवशी शाळेत गेलीच नोती. देवानंच वाचवलं." आज मी वाघाचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच बसले. मायलेकींच्या परवानगीनं सुरभीला म्हटलं, "तुला बाईनं कोंडलं होतं न, त्या दिवसाचं सांगशील? पण उलटं सांगायचं. शेवटून."

पोरीला तो खेळच वाटला. बोरं खात सांगायला लागली. "शेवटी मी घरी आली. वसरीत बसली."

"त्याच्या आधी?"

"बाईनं दार उघडलं. मले जोरात धरलं. हात दुखला माहा."

"त्याच्या आधी?"

"अंधार होता."

"अंधारात काय काय होतं?"

"वास येत होता." ती हसली. "अन् फटाके वाजत होते. अन् ताटं वाजवत होते लोकं. वरात होती."

"वरात?" भागीरथाबाई चुलीपुढून बोलली. "शाळेच्या टायमाले कोणाची वरात व? कायच्या काय बोलते."

आणि ती थांबली. हातातलं पोळपाट तिनं खाली ठेवलं. मला कळलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. उघडलंच नाही. जीभ दाताखाली धरून बसले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "फटाके तं... वाघाच्या दिवशी फोडले होते." मग भराभर बोलायला लागली. "मी वावरात होतो वेचाले. वाघ म्हणलं तशी धावत शाळेत आली. वर्गात हे नाई. घरी आली तं वसरीत बसून रडत. मले वाटलं, गेलीच नाई शाळेत. कोंडल्याचं तं हे मले चार दिवसांनी बोलली..." तिनं सुरभीला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "त्याच दिवशी का व? बोल न! त्याच दिवशी कोंडलं का तुले?"

सुरभी घाबरली आणि रडायला लागली. मग ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. रडत्या पोराला विचारलेलं काही कामाचं नसतं.

"उद्या मी येतो मीटिंगले," भागीरथाबाई मला म्हणाली. "तुमी पण या."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर वर्गात टाटपट्टीवर सगळे बसले. खुर्चीवर रूपराव, बाजूला प्रफुल गुरुजी, समितीची माणसं, कठड्यावरची अन्नपूर्णाबाईसुद्धा हजर. प्रमिलाबाई दाराशी, उठून जायला सोपं पडेल अशी. रूपरावांनी घसा खाकरला, तेवढ्यात भागीरथाबाई उभी राहिली आणि तिनं सांगून टाकलं. कोंडल्याचा दिवस आणि वाघाचा दिवस एकच. तिची पोरगी त्या दिवशी वर्गात नव्हती, संडासात होती.

वर्गात कुजबुज सुरू झाली. रूपराव माणूस वाईट नाही, पण वकिली डोक्याचे. म्हणाले, "मानलं. पण कडी तं ते रोजच लावते, शेयाईसाठी. पयता पयता सवयीनं हात गेला असन. पोरगी आत हाय हे तिले मालूम तरी होतं का?" मग तिच्याकडे वळले. "काऊन व प्रमिला? मालूम होतं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे. माधवीनं माझा हात घट्ट धरला. एक 'हो' म्हणायचा होता फक्त.

"मले आठवत नाई," प्रमिलाबाई म्हणाली. "तुमी म्हणता तसंच असन, भाऊ. सवयीनं लावली असन."

"मॅडम, तुमी तं आठवणीच्या मोठ्या मास्तरीण," रूपराव मला म्हणाले. "द्या न तिले आठवून."

"देता येतं," मी म्हटलं. "म्हणूनच देणार नाही. तिला काही विचारू नका. ज्या दुसऱ्या माणसाला माहीत आहे तो इथंच बसला आहे."

सुरभी आईच्या पाठीला चिकटून बसली होती. मी तिच्यासमोर खाली टाटपट्टीवर बसले. काय निघेल, मला माहीत नव्हतं. बाई दिसलीच नाही, नुसती कडी वाजली, असं पोरगी म्हणाली असती तर तिथंच सगळं संपलं असतं, आणि संपवणारी मी असते. तरी मी तेवढंच विचारलं जेवढं विचारता येतं. "सुरभी, आपण अंधारापर्यंत आलो होतो. अंधाराच्या आधी काय झालं?"

"कडी लागली."

"त्याच्या आधी?"

सुरभीनं प्रमिलाबाईकडे पाहिलं आणि आईचा पदर पकडला. "रागावनार नाई न ते?"

"नाही रागावणार."

"मी भायेर येत होती. बाई धावत आली. मले आत ढकललं. म्हणे, चूप बस, हूं का चूं करू नको. मी आल्याबिगर दाराले हात लावू नको. मी येतोच म्हणे." पोरीनं आईचा पदर आणखी जवळ ओढला. "मी काईच नोतं केलं मॅडम. उगाचच कोंडलं मले."

 

अन्नपूर्णाबाईनं तोंडावर पदर घेतला. रूपरावांनी टोपी काढली, परत घातली. तरी माणूस शेवटी बोललाच, "पण मंग घरी पयाली थे?"

"पळाली," मी म्हटलं, आणि माझी पुस्तकी मराठी तिथंच संपली. "कडी लावून पयाली. समोर वाघ होता भाऊ, तिच्या हातात खिचडी हलवायचा सराटा होता. तुमी काय केलं असतं? तुमी तं हिंगणघाटले होते. अन् पयाली तशी परत आली. सारं गाव पुढं वाघाचे ठसे पाहत होतं, तवा ते मागं जाऊन दार उघडत होती."

रूपराव ओशाळून हसले. "बरं झालं बाप्पा, वाघानं मले नाई गाठलं अजून."

भागीरथाबाई मात्र हसली नाही. ती उठली, दाराशी गेली आणि प्रमिलाबाईसमोर धपकन बसली. "माही पोरगी भायेर होती व," ती म्हणाली. "वाघ भायेर होता, अन् माही पोरगी भायेर होती. अन् मी तुले साऱ्या गावात शिव्या देत हिंडली." मग ती ओक्साबोक्शी रडायला लागली. प्रमिलाबाई तिची पाठ चोळत राहिली, जणू रडण्यासारखं काही भागीरथाचंच झालं होतं.

जरा वेळानं प्रमिलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मले काऊन नाई आठवत?"

"तुमचा जीव त्या वेळी पायात होता, म्हणून पाय आठवतात. आणि मग वर्षभर गावानं पळाल्याचंच ऐकवलं. त्याच्याखाली बाकीचं दबलं."

"मंग आता येईन का ध्यानात?"

मला 'येईल' म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. "नाही येणार बहुतेक," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. नाक पुसलं. मग रूपरावांना म्हणाली, "तं भाऊ, सोमवारपासून येऊ का मी?"

"सोमवारी काऊन? उद्या शनिवारची शाळा नाई का? लेकरं का उपाशी ठेवतं?" रूपराव उठलेच. मीटिंग संपली असं कोणी म्हटलं नाही, पण माणसं उठायला लागली. गुरुजींनी टाटपट्टीचं एक टोक उचललं.

प्रमिलाबाई जागची हलली नव्हती. तिनं हात पुढे केला. "सुरभी, ये व माय इथी. मले पुन्हा सांग बरं, काय झालं तं. सुरुवातीपासून सांग."

सुरभी थोडी थबकली. मग आईला वळसा घालून तिच्याजवळ गेली, मांडी घालून बसली आणि सांगायला लागली. या वेळी सरळ, गंज लवंडल्यापासून. प्रमिलाबाई एकेक शब्द ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, "मी काय म्हटलं? मंग मी काय केलं?" पोरगी सांगत होती, हातवारे करून, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यात थोडी भरही घालत होती.

माधवीनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही माहीत होतं हे काय चाललंय ते. असं दोनचारदा झालं की उन्हाळ्यापर्यंत प्रमिलाबाईला सगळं आठवायला लागणार होतं, ढकलल्याचं, कडीचं, स्वतःच्या शब्दांसकट.

"मॅडम, थांबवू का?" माधवीनं विचारलं.

"काही नको," मी म्हटलं. "सांगू दे तिला."